मानेतली माळ

"लस दिलीस ना गो तू? मग ही मेली कशी?"

मावशींनी मेलेली तलंग पायांना धरून माझ्यासमोर उचलली. मान उलटी वळून पाठीकडे गेलेली, शेपटाखालची पिसं हिरवट विष्ठेने चिकटलेली. मे महिन्यातली सकाळ होती. भाट्याच्या खाडीकडून वारा येत होता आणि माडाच्या आळ्यात बाकीच्या कोंबड्या काही घडलंच नाही अशा थाटात पातेरा उकरत होत्या. तीन दिवसांपूर्वी त्याच अंगणात, दिवेलागणीच्या सुमाराला, मी प्रत्येकीच्या डोळ्यात लासोटा लशीचा एकेक थेंब टाकला होता. मावशींनी कोंबडी धरायची, मी थेंब सोडायचा, तिने डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं, मग पुढची. अठरा कोंबड्या, दोन कोंबडे. त्यातल्या तीन गेल्या.

अशा वेळी पशुवैद्य जे सांगतो ते मीही सांगितलं. रोग आधीच शिरला असणार, लस अंगी लागायला आठवडा-दहा दिवस जातात. यात खोटं काही नाही. पण पूल ओलांडून लस आणताना थर्मासमधला बर्फ किती उरलाय हे मी झाकण उघडून पाहिलं नव्हतं, आणि हे मात्र मी बोलले नाही. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, तलंग पोत्यात टाकली आणि मग खरा प्रश्न विचारला.

"बरं, मग ह्या उरल्या त्या कशा उरल्या? ह्यांच्या अंगात असं काय हाय?"

हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नापायी लिहिलं गेलं. पहिल्या प्रश्नाची उत्तरं लशीच्या खोक्यातल्या कागदावर छापलेली असतात. दुसऱ्याचं उत्तर शोधताना मला पाडुआपासून हाँगकाँगपर्यंत फिरावं लागलं, अर्थात कागदावरच. प्रस्तावना थोडी लांबली आहे ती त्यामुळेच.

आधी रोगाच्या नावाबद्दल. मावशी त्याला मानमोडी म्हणतात, सरकारी नोंदवहीत तो राणीखेत असतो, इंग्रजी ग्रंथांत न्यूकॅसल. १९२६च्या सुमाराला जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलजवळ तो जवळजवळ एकाच वेळी नोंदला गेला, आणि लगेचच कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला. बाकीच्यांनी गावांची नावं वापरली, मराठीने दिसलं ते सांगितलं. १९१८च्या इन्फ्लुएन्झालाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. माणसाची साथ आणि कोंबडीची साथ एका शब्दात बसवणारी भाषा मला शहाणी वाटते. शिवाय या शब्दात एक योगायोग दडलाय. विषाणूशी लढणाऱ्या ज्या पेशींबद्दल हे पुस्तक आहे, त्यांची शाळा कोंबडीच्या मानेतच भरते.

ती शाळा कुणालाही बघता येते. कोवळी कोंबडी साफ करताना मानेची कातडी हलक्या हाताने सोलली, तर दोन्ही बाजूंना, मोठ्या नीलेच्या कडेने, फिकट गुलाबी रंगाचे चपटे मणी ओळीने लागलेले दिसतात. एका बाजूला साधारण सात, दुसऱ्या बाजूला तेवढेच. चरबी समजून आपण ते ओढून टाकतो. हा थायमस. माणसाचा थायमस छातीच्या हाडामागे लपलेला असतो, कोंबडीने तो गळ्यात माळेसारखा घातलाय. मराठी परिभाषेत त्याला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. नाव अवजड, पण नेमकं: कोंबडी अंड्यावर येऊ लागली की हे मणी आक्रसत जातात, म्हाताऱ्या कोंबडीत शोधूनही नीट सापडत नाहीत. म्हणून पाहायचं असेल तर दुकानातली पाच-सहा आठवड्यांची ब्रॉयलर बरी, मावशींची तीन वर्षांची खुडूक कोंबडी नव्हे.

दुसरी शाळा अगदी विरुद्ध टोकाला, गुदद्वाराच्या वरच्या अंगाला असते. मोठ्या करवंदाएवढी पिशवी. पाडुआच्या फाब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२१मध्ये छापलं गेलं. नंतर तीनशेहून अधिक वर्षं ही पिशवी कशासाठी आहे हे कुणालाच कळलं नाही. कळलं तेही अपघाताने. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पिल्लांची ही पिशवी काढून त्यांची वाढ बघत होता. टिमथी चँग या त्याच्या सहाध्यायाला वर्गात प्रतिपिंड कसे तयार होतात ते दाखवायचं होतं. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या उसन्या घेतल्या, त्यांना साल्मोनेला टोचलं, आणि प्रात्यक्षिक फसलं. पिशवी काढलेल्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंड नव्हतेच. फसलेल्या प्रात्यक्षिकाचा अर्थ दोघांनी लावला. एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला, तेव्हा तो १९५६मध्ये कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात छापून आला. माणसांच्या डॉक्टरांनी तो वाचायला आणखी बरीच वर्षं घेतली. कोंबड्यांचं मासिक कोण वाचतो!

वाचला तो मॅक्स कूपरने. मिनेसोटात १९६५मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांचे दोन गट केले. एकांची पिशवी काढली, दुसऱ्यांचा थायमस, आणि दोन्ही गटांवर किरणांचा मारा करून आधीच तयार झालेल्या पेशीही संपवल्या. पिशवी गेलेल्यांना प्रतिपिंड बनवता येईनात. थायमस गेलेल्यांना परकी कातडी ओळखून टाकून देता येईना. म्हणजे शरीराची फौज एक नसून दोन निघाली. पिशवीच्या लॅटिन नावातल्या पहिल्या अक्षरावरून बी पेशी आणि थायमसवरून टी पेशी. आज वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात ही दोन अक्षरं आहेत. त्यातलं बी कोंबडीच्या बुडाकडून आलंय हे न सांगता ते अस्थिमज्जेचं आद्याक्षर आहे असं ठोकून देणारे शिक्षक मला भेटलेले आहेत. उंदरात थायमसचं काम शोधणाऱ्या जॅक मिलरला आणि कूपरला २०१९चं लास्कर पारितोषिक विभागून मिळालं. कोंबडीला काही मिळालं नाही.

मग टी पेशी करतात काय? याला मी पुस्तकात चार प्रकरणं दिली आहेत. इथे एका वाडीच्या कल्पनेवर भागवते. समजा, वाडीत असा रिवाज आहे की घरात जे शिजेल त्याचा एक घास दारातल्या खुंटीवर टांगायचा. राखण्या दारोदार फिरतो, घास हुंगतो, ओळखीचा वास असला की पुढे जातो. एखाद्या घरात चोर शिरून स्वतःचं शिजवायला लागला की खुंटीवर परका घास येतो. राखण्याला चोर दिसत नाही, घास दिसतो. तेवढ्यावर तो ते घर चोरासकट पाडतो. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे अशाच खुंट्यांवर टांगते. मारक टी पेशी तुकडा ओळखते, पेशीला चिकटते, तिच्या आवरणाला भोकं पाडते आणि आत अशी विकरं सोडते की पेशी स्वतःच मरणाच्या वाटेला लागते. विषाणूला नव्या प्रती काढायला जागा उरत नाही. प्रतिपिंड विषाणूला रस्त्यात, घराबाहेर धरतात. तो आत शिरल्यावर त्यांचं काही चालत नाही. तिथून पुढचं काम टी पेशींचं. त्यांच्यात मदतनीस पेशीही असतात, ज्या बी पेशींना आणि मारक पेशींनाही कामाला लावतात. तिसरा एक प्रकार कोंबडीत माणसापेक्षा कितीतरी अधिक असतो आणि तो नेमकं काय करतो यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. त्या वादात मी पुस्तकातही फार शिरलेली नाही.

आता कोंबडीची खास गोष्ट. माणसाच्या पेशीवर अशा खुंट्या सहा प्रकारच्या असू शकतात. एकीवर परका घास बसला नाही तर दुसरीवर बसतो. कोंबडीत मात्र प्रामुख्याने एकाच प्रकारची खुंटी कामाची असते. जिम कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये तिच्या जनुकांचा हा पट्टा वाचून काढला: जेमतेम ९२ हजार अक्षरं, १९ जनुकं. माणसात हाच पट्टा चाळीसेक लाख अक्षरांचा आहे. कोंबडीने सगळं काटकसरीत बसवलंय, आणि त्याची किंमत ती मोजते. ज्या विषाणूचा तुकडा तिच्या खुंटीवर नीट बसतो, त्याच्याशी ती झुंजते. जो बसत नाही तो तिला खातो. मरेक रोगात हे अगदी उघडं दिसतं. बी२१ नावाची खुंटी असलेल्या कोंबड्या टिकतात, बी१९ असलेल्या गाठी होऊन मरतात. खाद्य तेच, शेड तेच, विषाणू तोच.

मावशींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. त्यांच्या अंगणातल्या वीस पक्ष्यांत कुणी पावसच्या बाजारातून आलेली, कुणी माहेरची, कुणी शेजारच्या कोंबड्याची. वीस पक्ष्यांत कितीतरी तऱ्हेच्या खुंट्या असणार. विषाणू सगळ्यांना सारखा भारी पडत नाही. मोठ्या फार्मवर हजारो पक्षी एकाच वाणाचे, जवळजवळ सख्खी भावंडं. तिथे दगाफटका झाला तर सगळ्यांना एकदम होतो. यावरून गावठी कोंबडी 'काटक' आणि फार्मची 'नाजूक' असा निष्कर्ष लोक काढतात तो घाईचा आहे. लस न दिलेल्या गावठी कळपावर मानमोडी आली की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं, हे कोकणातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

टी पेशीच कोंबडीला वाचवतात याचा रोखठोक पुरावा कुठला, असं विचाराल तर मी दुसऱ्या एका रोगाकडे बोट दाखवीन. १९३१मध्ये अमेरिकेत नॉर्थ डकोटात पिल्लांना धाप लागण्याचा एक आजार नोंदला गेला. त्याचा विषाणू म्हणजे माणसाला कळलेला पहिला करोना विषाणू. २०२०मध्ये साऱ्या जगाला तो शब्द पाठ झाला, तेव्हा कुक्कुटपालकांना त्याच्या भाऊबंदाविरुद्ध लशी देऊन पिढ्या झाल्या होत्या. टेक्सासमधल्या एलन कोलिसन यांच्या गटाने या रोगातून बऱ्या होणाऱ्या कोंबड्यांच्या प्लीहेतल्या टी पेशी काढल्या, तशाच खुंटीच्या निरोगी पिल्लांना टोचल्या आणि मग त्या पिल्लांना रोगाची लागण केली. पिल्लं वाचली. टोचण्याआधी त्या पेशींतून मारक पेशी वेगळ्या काढून टाकल्या, तेव्हा संरक्षण मोठ्या प्रमाणात गेलं. मदतनीस पेशी काढल्या तर विशेष फरक पडला नाही. हा निबंध २००० सालचा. पिल्लांच्या अंगात कुणाचेही प्रतिपिंड टोचलेले नव्हते. टोचल्या होत्या फक्त पेशी.

इथवर टी पेशी शूर शिपाई वाटतील, आणि गोष्ट इथे संपवली असती तर पुस्तक निम्म्या जाडीचं झालं असतं. पण १९९७चं हाँगकाँग मध्ये येतं. त्या वर्षी तिथे बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू १८ माणसांना झाला, सहा दगावली. वर्षअखेरीला शहरातल्या सगळ्या कोंबड्या, लाखोंच्या संख्येने, मारल्या गेल्या. कोडं असं होतं की हा विषाणू कोंबडीला दोन-तीन दिवसांत मारतो, तरी बाजारातल्या पिंजऱ्यांत तो बाळगणाऱ्या कोंबड्या धडधाकट उभ्या होत्या. कशा? मेम्फिसच्या रॉबर्ट वेबस्टर आणि त्यांचे सहकारी सेओ यांनी २००१मध्ये उत्तर दिलं. त्याच बाजारात एच९एन२ हा सौम्य फ्लू फिरत होता. तो होऊन गेलेल्या कोंबड्यांच्या मारक टी पेशी एच५एन१चेही आतले तुकडे ओळखत होत्या, कारण दोघांचं बाहेरचं कवच वेगळं असलं तरी आतली काही प्रथिनं मिळतीजुळती असतात. प्रतिपिंड कवच बघतात, ते फसले. टी पेशी आतला घास बघतात, त्या फसल्या नाहीत. कोंबड्या जगल्या. आणि जगता जगता विष्ठेतून एच५एन१ बाहेर टाकत राहिल्या.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ओटीवर जाऊन बसले होते. आम्हाला शिकवलं होतं की पक्षी जगला म्हणजे रोग हरला. इथे पक्षी जगला होता आणि रोगही.

मरेकची कथा याच सुरातली. बुडापेस्टच्या योझेफ मरेकने १९०७मध्ये पांगळ्या झालेल्या चार कोंबड्यांचं वर्णन केलं. एक पाय पुढे, एक मागे, अशी ती ओळखीची मुद्रा. हा विषाणू मोठा लबाड आहे. तो आधी बी पेशींत शिरतो, त्यांच्या मदतीला धावून आलेल्या मदतनीस टी पेशींत मुक्काम ठोकतो आणि पुढे त्याच टी पेशींचा कर्करोग करतो. राखण्यालाच फोडून त्याच्या हातून वाडी लुटवावी तसं. १९७०च्या सुमाराला टर्कीतल्या एका निरुपद्रवी विषाणूपासून त्यावर लस निघाली. कर्करोग रोखणाऱ्या अगदी पहिल्या लशींपैकी ती एक. आजही व्यापारी हॅचरीत पिल्लांना अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच, किंवा त्याआधी अंड्यातच, मरेकची लस दिली जाते. पण ती लस गाठी रोखते, विषाणूचा शिरकाव रोखत नाही. तो पिसांच्या मुळांशी वाढतो आणि कोंड्याबरोबर झडून शेडच्या धुळीत महिनोन्‌महिने पडून राहतो. अँड्र्यू रीड, वेणुगोपाल नायर आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवलं की सर्वांत जहाल वाण लस न दिलेल्या पिल्लांना इतक्या लवकर मारतात की पसरायला त्यांना सवडच मिळत नाही. लस दिलेली पिल्लं मात्र जगून ते वाण पसरवत राहतात. यावरून कुणी लस नको असा अर्थ काढला तर तो माझा नव्हे, त्या शास्त्रज्ञांचाही नव्हे. लस न दिलेलं पिल्लू मरतं, एवढं त्या प्रयोगात पुरेसं स्पष्ट आहे.

आपल्या अंगणाकडे परत येऊ. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१वर शिक्कामोर्तब केलं आणि शेडच्या शेड खड्ड्यांत पुरल्या गेल्या. जानेवारी २०२१मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या आणि आमच्याच जिल्ह्यात, दापोलीला, मेलेल्या कावळ्यांत तो विषाणू सापडला. त्या आठवड्यात भाट्याच्या सुरूच्या बनात कावळा निपचित बसलेला दिसला तरी मला फोन यायचे. लोक विचारायचे, यावर लस नाही का, सगळ्याच का मारता? या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडावं लागतं. एक, टी पेशींची पलटण वाढून तयार व्हायला आठवडा लागतो आणि हा विषाणू त्याआधीच काम उरकतो, म्हणून पूर्वी काहीच न भेटलेल्या कोंबडीला संधी नसते. दोन, ज्या कोंबडीला संधी मिळते ती हाँगकाँगच्या कोंबडीसारखी गुपचूप पेरणी करू शकते. कलिंगची, म्हणजे बाधित कळप मारून टाकण्याची, बाजू घ्यायला मला जड जातं. अंगण रिकामं झालेल्या बाईसमोर उभं राहून ते करणं तर फारच. तरी शास्त्र कुठून बोलतं आहे हे वाचकाला कळावं म्हणून एक प्रकरण त्यालाच दिलंय.

आणि मानमोडी? प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथे प्रतिपिंडांचं पारडं जड आहे. नुसत्या टी पेशींच्या भरवशावर कोंबडी मानमोडीतून तगत नाही, हे प्रयोगांनी दाखवलंय. म्हणूनच प्रयोगशाळेत आम्ही प्रतिपिंडच मोजतो. छोट्या खळग्यांच्या ताटलीत रक्तद्रव पातळ करत जायचं, विषाणू आणि कोंबडीच्या लाल पेशी मिसळायच्या, आणि कुठल्या खळग्यापर्यंत तळाशी लाल बटण बसतं ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम, सोपं, स्वस्त. टी पेशी मोजायला यंत्रं लागतात, ताज्या पेशी लागतात, खुंटी जुळणारे पक्षी लागतात. माझी तक्रार एवढीच की जे मोजायला सोपं तेच आम्ही महत्त्वाचं मानत आलो आणि उरलेल्याला 'इतर घटक' म्हणून एका ओळीत गुंडाळलं. जिवंत लशीचा थेंब डोळ्यात टाकतो तेव्हा तिसऱ्या पापणीमागच्या ग्रंथीत दोन्ही फौजा जाग्या होतात. तेलातली मृत लस टोचतो तेव्हा मुख्यतः एकच. लशींचं वेळापत्रक पाळणाऱ्याला हा फरक माहीत असला तर बिघडत नाही.

भाषेबद्दल थोडं. 'प्रतिपिंड' रुळलाय, तो ठेवला. 'यौवनलोपी ग्रंथी' एकदाच वापरून थायमसवर आले. 'टी लसिकापेशी' लिहून पाहिलं, पण वाचताना मलाच ठेच लागली, म्हणून नुसत्या टी पेशी. खुंटी मात्र मी सोडली नाही. परिभाषा समितीला ती चालणार नाही, मावशींना चालली. पुस्तकाचा बराचसा भाग भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राजवळच्या एका ओटीवर त्यांना वाचून दाखवलेला आहे. तिथे १९५५पासून माडावर संशोधन चालतं, माडांत मसाल्याची पिकं लावण्याचे, म्हणजे लाखी बागेचे, धडे घ्यायला शेतकरी लांबून येतात. तिथून हाकेच्या अंतरावर कुणी कोंबडीच्या मानेतल्या मण्यांवर लिहीत बसलंय याचं येणाऱ्याजाणाऱ्यांना हसू यायचं.

त्या मे महिन्यात शेवटी पाच गेल्या, पंधरा उरल्या. उरलेल्यांत एक लाल कोंबडा होता, राखणदारासाठी राखून ठेवलेला. आठवडाभर तो मान वाकडी करून कोपऱ्यात बसला, मग हळूहळू दाणे टिपू लागला. दहाव्या दिवशी मावशींनी मला परत बोलावलं आणि तिसरा प्रश्न विचारला. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्या प्रश्नावर आहे.

"हा जगला, बरं झालं. पण ह्याच्यापासून दुसऱ्यांस लागंल काय?"

लागू शकतं, मी म्हटलं. तीन आठवडे वेगळा ठेवा. विष्ठा गोळा करून पुरा, ह्याचं पाण्याचं भांडं दुसऱ्यांत नेऊ नका. मावशींनी त्याला उचललं, माडाखाली ठेवलं, वरून डालगं पालथं घातलं आणि डालग्यावर धोंडा ठेवला. आम्ही ओटीवर चहा घ्यायला बसलो तर तो आतून आरवला.